नववीसाठी अमेरिकी बोर्डिंग स्कूल: अर्ज उठून दिसतो तो कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अमेरिकेत सातवीत शिकते. पुढच्या हिवाळ्यात नववीच्या प्रवेशासाठी न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, निवडक बोर्डिंग स्कूलना अर्ज करायचा आहे. गुण उत्तम आहेत. पियानो, गणिताच्या स्पर्धा, रोबोटिक्स, लायब्ररीत स्वयंसेवा हे सगळं आहे. पण हेच सगळं असलेली मुलं ढिगाने अर्ज करतात. मग तिचा अर्ज वेगळा कसा दिसेल, आणि त्यासाठी तिला अजून काय काय करायला लावावं?

‘अजून काय करायला लावावं’ हा भाग आधी सोडून द्या. हातात साधारण नऊ-दहा महिने आहेत, आणि बहुतेक घरांत हा वेळ यादी लांबवण्यात जातो. नवा क्लब, नवी स्पर्धा, उन्हाळ्यात विद्यापीठाच्या आवारात दोन आठवड्यांचं महागडं शिबिर, घाईघाईने काढलेली ‘संस्था’. यादी लांबली की मुलगी दिसेनाशी होते. अर्ज उठून दिसतो तो त्याचे सगळे भाग एकाच खऱ्या, ओळखू येणाऱ्या मुलीबद्दल बोलतात तेव्हा. शिक्षकांचं पत्र, निबंध, मुलाखत आणि पालकांचं लिखाण वेगवेगळ्या बाजूंनी तिच्याकडेच बोट दाखवत असलं पाहिजे.

आधी आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. फिलिप्स अकॅडमी अँडोव्हर, फिलिप्स एक्सेटर, ग्रोटन, सेंट पॉल्स, डिअरफील्ड, हॉचकिस, चोट रोझमेरी हॉल अशा शाळांत शंभर अर्जांमागे ढोबळमानाने दहा ते वीस जणांना प्रवेश मिळतो. ज्यांना नकार जातो त्यांतल्या बहुतेकांना तिथला अभ्यास झेपला असता. म्हणजे गुणपत्रिका आणि प्रवेश परीक्षा यांचं काम एवढंच, की ‘ही मुलगी इथे टिकेल का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं. ते ‘हो’ मिळालं की ९४ आणि ९७ पर्सेंटाइलमधल्या फरकाला फारसं वजन राहत नाही. पुढचा प्रश्न वेगळा असतो: ही मुलगी आली तर वर्गात, वसतिगृहात, वाद्यवृंदात, मैदानावर कशाची भर पडेल?

काही जागांचा हिशोब तुमच्या हाताबाहेरचा असतो, हेही माहीत असू द्या. शिक्षकांची मुलं, आधीच शिकत असलेल्यांची भावंडं, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्रशिक्षकाला हवा असलेला हॉकीचा गोलकीपर, वाद्यवृंदातून यंदा बाहेर पडणाऱ्या ओबोवादकाची जागा. शिवाय मुलगे-मुली, वसतिगृहात राहणारे आणि घरून येणारे यांचं प्रमाण राखायचं असतं. सर्वांत जास्त जागा नववीत असतात, दहावीला बऱ्याच कमी आणि अकरावीला मोजक्या. ग्रोटनमध्ये आठवीपासूनच प्रवेश होतो, तिथे त्या वर्गाला सेकंड फॉर्म म्हणतात. त्यामुळे ग्रोटन यादीत असेल तर नववीच्या जागा मुळातच कमी उरलेल्या असतात, कारण आठवीची मुलं वर सरकलेली असतात.

फाइल कशी वाचली जाते हे कळलं की बाकीचं सोपं होतं. बहुतेक ठिकाणी एक अधिकारी पूर्ण फाइल वाचून टिपण लिहितो, दुसरा ती पुन्हा वाचतो, आणि मग समितीत तिच्यावर काही मिनिटं बोलणं होतं. त्या काही मिनिटांत कोणीतरी तुमच्या मुलीची बाजू मांडायची असते. ‘गणितात हुशार, पियानो वाजवते, स्वयंसेवा करते’ हे वाक्य त्याच दुपारी आणखी कितीतरी मुलांबद्दल म्हटलं जातं, त्यामुळे ते कोणालाही चिकटत नाही. ‘शाळेच्या गायनवृंदाला ही साथ करते, गाणारा चुकला तर त्याला सावरून घेते, आणि गणिताचे शिक्षक लिहितात की फळ्यावर दुसऱ्याची पद्धत आधी नीट समजून घेऊन मगच ती आपली मांडते’ हे वाक्य मात्र एकाच मुलीचं आहे. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एकमेकींना धरून आहे. अधिकाऱ्याला असं वाक्य हवं असतं. ते तो मनाने रचू शकत नाही, फाइलमधूनच उचलतो.

म्हणून मुलीच्या सध्याच्या यादीपासूनच सुरुवात करा. पियानो घ्या. एकट्याने वाजवणारी, परीक्षांच्या श्रेणी मिळवलेली मुलं खूप असतात. दुसऱ्याला साथ करू शकणारी, समोर आलेला कागद पहिल्यांदाच पाहून वाजवू शकणारी, गायनवृंदाच्या सरावाला दर आठवड्याला हजर राहणारी फार थोडी. शाळेला गरज अशाच मुलांची असते: गायनवृंद असतो, संगीतनाटक असतं, पाहुण्यांसमोर छोटे कार्यक्रम असतात. तिला हे मनापासून आवडत असेल तर येत्या शरद ऋतूपासून आपल्याच शाळेत साथीची जबाबदारी मागून घ्यायला सांगा. खर्च नाही, प्रमाणपत्र नाही, पण तिच्यावर दुसरं कोणी अवलंबून असतं. एखाद्या गोष्टीत खोलवर गेल्याची खरी खूण हीच. ती आजारी पडली तर कोणाचं अडतं? मोठ्यांनी व्यवस्था न लावता ती स्वतः काय करत राहते? वर्षभराने तिच्या हातून काय तयार झालेलं असतं? या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नसलेले उपक्रम यादीतून काढले तरी अर्जाचं काही बिघडत नाही. रोबोटिक्स केवळ मैत्रिणींसोबत वेळ जातो म्हणून असेल तर राहू द्या, पण त्यावर निबंध लिहू नका.

उपक्रमांच्या तक्त्यात आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे खरे लिहा. आठवीतल्या मुलीच्या नावावर सगळे तास मिळून आठवड्याला चाळीस भरले की वाचणारा बेरीज करतोच. वर्णनाच्या छोट्या चौकटीत ‘उत्कृष्ट कामगिरी’सारखे शब्द न वापरता काम लिहा: ‘सहावी ते आठवीच्या गायनवृंदाला साथ, दर मंगळवारी सराव, वर्षात दोन कार्यक्रम, नवीन गाण्यांचे सोपे भाग स्वतः लिहून देते.’

शाळांची यादी करताना आकार बघा, नुसतं नाव नको. ग्रोटनमध्ये सगळे मिळून चारशेच्या आत विद्यार्थी आहेत, अँडोव्हर आणि एक्सेटरमध्ये प्रत्येकी हजाराच्या वर. लहान शाळेत तीच मुलगी गायनवृंदात, तीच तिसऱ्या संघात सॉकर खेळताना आणि तीच नाटकाच्या पडद्यामागे लागते. म्हणून तिथे दोन-तीन गोष्टी आनंदाने करणारी मुलगी आवडते, मग त्यांतली एखादी जेमतेम का येत असेना. मोठ्या शाळेत एकाच गोष्टीत खोल गेलेल्या मुलीला तिच्यासारखीच आणखी काही भेटतात आणि शाळेलाही तिची जागा दिसते. रोजचं जगणंही निरनिराळं. एक्सेटरमध्ये १९३० सालच्या एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीपासून अंडाकृती टेबलाभोवती साधारण बारा जण बसून चर्चेतून शिकण्याची ‘हार्कनेस’ पद्धत आहे. तिथे न बोलणारी मुलगी अडचणीत येते, आणि सतत बोलणारीही तितकीच. सेंट पॉल्समध्ये सगळेच विद्यार्थी वसतिगृहात राहतात. डिअरफील्डमध्ये ठरवून दिलेल्या टेबलावर शिक्षकांसोबत एकत्र जेवण्याची प्रथा आहे. कॅलिफोर्नियातल्या थॅचरमध्ये नववीच्या मुलांना घोड्याची निगा राखावी लागते. ‘तुम्हाला आमचीच शाळा का’ या प्रश्नाचं उत्तर अशा तपशिलांतून यायला हवं. ‘उत्तम शिक्षक, सुंदर परिसर, विविधता’ हे उत्तर शाळेचं नाव बदलून कुठेही चालतं, म्हणून कुठेच कामाला येत नाही. बोधवाक्यही उद्धृत करू नका. अँडोव्हरला आपलं ‘नॉन सिबी’ (स्वतःसाठी नव्हे) असंख्य अर्जांत वाचायला मिळतं.

उत्तर तपासायची सोपी पद्धत: मजकुरातलं शाळेचं नाव झाकून दुसऱ्या शाळेचं घाला. वाक्य तरीही खरं ठरत असेल तर ते खोडा. तपशील शाळेचाच नको, मुलीला जोडलेलाही हवा. ‘हार्कनेस पद्धत मला आवडते’ हे अर्धं झालं. ‘आमच्या वर्गात उत्तर कोणाला आधी येतं याची शर्यत असते आणि मला तीत गप्प बसावंसं वाटतं, बारा जणांच्या टेबलावर हळू विचार करणाऱ्याला वेळ मिळतो का हे मी भेटीच्या दिवशी वर्गात बसून पाहिलं’ हे पूर्ण.

परीक्षा. बहुतेक शाळा एसएसएटी किंवा आयएसईई या खासगी शाळांसाठीच्या सामायिक प्रवेश परीक्षांचे गुण स्वीकारतात. काहींनी २०२० नंतर ती ऐच्छिक केली, म्हणून प्रत्येक शाळेचं त्या वर्षीचं धोरण वेगळं वाचा. अर्ज करताना मुलगी आठवीत असेल, म्हणजे एसएसएटीची अपर लेव्हल. शब्दसंग्रह, वाचन आणि गणित या तीन विभागांत प्रत्येकी ५०० ते ८०० गुण. पर्सेंटाइल देशातल्या सगळ्या मुलांशी तुलना करून काढलेला नसतो. खासगी शाळांना अर्ज करणाऱ्या, त्याच इयत्तेतल्या मुलांशी तुलना असते. म्हणून शाळेत कायम पहिली येणारी मुलगी पहिल्या सरावात ६० वर आली तर घाबरू नका. वर नावं घेतलेल्या शाळांत प्रवेश मिळालेल्यांचे आकडे बहुधा ८५ ते ९५ च्या पट्ट्यात असतात. त्या पट्ट्यात पोचली की थांबा, तिसऱ्यांदा परीक्षा देऊन दोन पर्सेंटाइल वाढवण्यात निबंधाचे आठवडे जातात. या परीक्षेत पाच पर्याय असून चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची पद्धत आहे, आयएसईईत चुकीसाठी गुण कापत नाहीत. म्हणजे एसएसएटीत एखादा तरी पर्याय खात्रीने बाद करता आला तर उत्तर द्यावं, काहीच सुचत नसेल तर सोडावं. सर्वांत अडतो तो शब्दांचा विभाग: तीस मिनिटांत साठ प्रश्न, निम्मे समानार्थी आणि निम्मे शब्दसंबंधांचे. त्याला शेवटच्या महिन्यात उपाय नसतो. आजपासून रोज वाचन आणि वाचताना अडलेले दहा शब्द वहीत, वाक्यासकट.

या परीक्षेतला लेखनाचा भाग पालक हमखास विसरतात. पंचवीस मिनिटं, दोन विषय, त्यांतला एक निवडायचा. त्याला गुण नसतात, पण मजकूर जसाच्या तसा शाळेला जातो. काही शाळा वर्गात तपासलेला निबंधही मागतात. अर्जातला निबंध चाळीस वर्षांच्या सल्लागाराच्या भाषेत आणि परीक्षेतलं लिखाण तेरा वर्षांच्या मुलीचं, अशी फाइल समोर आली की विश्वास उडतो, आणि तो मुलाखतीतही परत येत नाही. सरावात पहिली चार-पाच मिनिटं विचार आणि शेवट ठरवण्याला द्यावीत, सतरा-अठरा मिनिटं लिहावं, उरलेल्यात वाचून दुरुस्त्या कराव्यात. लिखाण अर्धवट सुटणं ही सर्वांत नेहमीची चूक, म्हणून शेवट आधी ठरवायचा.

आता निबंध. इथे जास्त थांबायला हवं, कारण पूर्णपणे मुलीच्या हातात असलेला भाग हाच आहे. विषय मोठा असावा लागत नाही. साथीचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या खर्ड्यात बहुतेक मुली असं लिहितात: ‘गायनवृंदाला साथ करताना मी संघभावना, संयम आणि जबाबदारी शिकले. प्रत्येक आव्हान ही एक संधी असते हे मला समजलं.’ यात खोटं काही नाही, पण ती मुलगी कुठेच नाही. आता हे पाहा:

‘कार्यक्रमात एकटी गाणारी मुलगी दोन मेझर (स्वरलिपीतले दोन तालखंड) गाळून पुढे गेली. मी कागदावरचं वाजवत राहू शकले असते. मी तिच्यामागे उडी मारली. टाळ्या तिला मिळाल्या. घरी जाताना मला राग आला होता. ती चुकली म्हणून नव्हता. मी सावरलं हे कोणालाच कळलं नाही, म्हणून होता. पुढच्या सरावाला ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, कुठे चुकले ते दाखव. मी बोट ठेवलं. मग तिने विचारलं, तू कधी ओळखलंस? मला सांगता येईना, कारण मी कागदाकडे नाही, तिच्या श्वासाकडे लक्ष देत होते.’

यात ‘जबाबदारी’ हा शब्द नाही, तरी ती आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रागाची कबुली आहे. तेरा वर्षांच्या मुलीला श्रेय हवं असतं, आणि ती ते मान्य करते तेव्हा वाचणारा तिच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास ठेवतो. शेवटी शिकवण नाही, एक नेमकं निरीक्षण आहे, जे साथ न केलेल्या माणसाला सुचलं नसतं. अर्थात असा प्रसंग घडलेला असावा लागतो. रचलेला प्रसंग मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

खर्डे करायची पद्धत: आधी मुलीला पंधरा मिनिटं बोलू द्या आणि तुम्ही फक्त ऐका. ‘मग काय झालं’, ‘तेव्हा तू कुठे उभी होतीस’, ‘तो नेमकं काय म्हणाला’ एवढेच प्रश्न. मग ती एकटीने लिहील. पहिल्या खर्ड्यातले पहिले दोन परिच्छेद बहुधा प्रस्तावना असते, ते काढून टाकले की निबंध सुरू होतो. शेवटच्या परिच्छेदातही एक-दोन वाक्यं जास्तीची सापडतात. पालकांनी शब्द बदलू नयेत. फक्त जिथे काही दिसत नाही तिथे पेन्सिलने खूण करावी. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर आज वाचणाऱ्याला पटकन जाणवतो. तो गुळगुळीत असतो आणि त्यात कोणाचंच नाव, जागा, वस्तू नसते. शाळा मुलीच्या स्वतःच्या लिखाणाची हमी मागतात, तेव्हा तो धोका पत्करू नका.

शिफारशी साधारणपणे तीन लागतात: इंग्रजीचे शिक्षक, गणिताचे शिक्षक आणि मुख्याध्यापक किंवा कौन्सेलर. त्या गोपनीय असतात, तुम्हाला दिसत नाहीत. फॉर्मवर चौकटी असतात: कुतूहल, चिकाटी, सहकाऱ्यांशी वागणं, टीका स्वीकारणं, पालकांचं सहकार्यसुद्धा. होय, पालकांविषयीही विचारलं जातं. दर आठवड्याला गुणांवरून शिक्षकांना ईमेल करण्याची सवय असेल तर ती आत्ताच सोडा. शिक्षकांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या बरंच आधी, मुलीने स्वतः विचारावं. सोबत एक पान द्यावं: कोणत्या शाळा, कोणती तारीख, आणि त्या वर्गातल्या दोन-तीन गोष्टी ज्या तिला महत्त्वाच्या वाटल्या. पुरस्कारांची यादी नको. शिक्षकांना वर्गातला प्रसंग आठवून द्यायला हवा: कोणत्या प्रकल्पात ती अडली, काय बदललं. ‘हुशार आणि मेहनती’ असं पत्र वाईट नसतं, पण समितीत ते कोणी वाचून दाखवत नाही. संगीताच्या शिक्षकांचं चौथं पत्र शाळा स्वीकारत असेल तरच द्या. ओळखीच्या बड्या माणसाचं, मुलीला न ओळखणाऱ्याचं पत्र देऊ नका. त्याने फाइल जाड होते, मुलीची बाजू भक्कम होत नाही.

मुलाखत साधारण अर्धा ते पाऊण तास मुलीची, मग थोडा वेळ पालकांची वेगळी. सप्टेंबरमध्ये तारीख घ्या. ऑक्टोबरच्या सुट्टीच्या दिवसांच्या वेळा लवकर भरतात. तयारी म्हणजे उत्तरं पाठ करणं नव्हे. पाठ केलेलं उत्तर ओळखता येतं, कारण मुलगी प्रश्न संपायच्या आत सुरू होते आणि मध्येच थांबवलं तर तिला पुन्हा पहिल्या वाक्यापासून यावं लागतं. त्याऐवजी पाच-सहा खरे प्रसंग तिच्या डोक्यात ताजे असावेत, म्हणजे कुठलाही प्रश्न आला तरी हात घालता येतो. ‘अलीकडे काय वाचलंस’ या प्रश्नाला शाळेने लावलेलं पुस्तक सांगणं चालतं, पण पुढचा प्रश्न ‘त्यातलं काय पटलं नाही’ हा असतो. तिथे मत हवं. आणि उलट प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा वेबसाइटवर असलेली माहिती विचारू नये. ‘तुमच्या वसतिगृहात रविवारी संध्याकाळी मुली काय करत असतात’ हा प्रश्न साधा आहे, आणि त्याच्या उत्तरातून तिलाही शाळा कळते. घरी सराव करायचा तर तुमच्याशी नको. तिला फारसं न ओळखणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाशी वीस मिनिटं बोलू द्या. मोबाइल गाडीत, उत्तर देताना नजर आई-बाबांकडे जायला नको. घाबरणं चालतं, अबोल मुलीही घेतल्या जातात, फक्त जे बोलतील ते त्यांचं असावं. त्याच दिवशी दोन ओळींचं आभाराचं पत्र, त्यात झालेल्या बोलण्यातला एक विशिष्ट उल्लेख.

पालकांच्या मुलाखतीत आणि लेखी निवेदनात एकच पथ्य: मुलीची वकिली करू नका, तिची ओळख करून द्या. ‘आमची मुलगी जन्मजात नेता आहे’ याने काही कळत नाही. ‘रागावली की ती तासभर पियानोवर एकच ओळ वाजवते आणि मग येऊन सांगते काय झालं, नव्या ठिकाणी पहिले दोन-तीन आठवडे ती शांत असते, तेव्हा तिला कोणी गटात ओढलं नाही तरी चालतं’ हे वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकाला उपयोगी पडतं. कमतरता विचारली तर खरी सांगा. ‘फारच परिपूर्णतावादी आहे’ हे उत्तर सगळे देतात. घरापासून दूर राहण्याची कल्पना मुलीची आहे की तुमची, हा प्रश्न जवळपास प्रत्येक मुलाखतीत कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. तिची नसेल तर ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मग अर्ज करूच नये असं मला वाटतं.

वाद्य किंवा खेळ खरोखर वरच्या पातळीचा असेल तर तो फाइलबाहेरूनही पोचवता येतो. संगीतासाठी निराळ्या स्वभावाच्या दोन छोट्या रचना, जोडकाम न केलेलं सलग ध्वनिमुद्रण, आणि तुमच्या बाबतीत एक साथीचा तुकडाही. खेळासाठी शाळेच्या पानावरचा प्रशिक्षकांचा फॉर्म, सामन्यांचं वेळापत्रक आणि तीन-चार मिनिटांची चित्रफीत, जिच्यात सुरुवातीलाच ती कोण हे बाणाने दाखवलेलं असेल. प्रशिक्षकाने उत्साह दाखवला म्हणजे प्रवेश ठरला असं नव्हे, त्याची यादी लांब असते.

पैशांचं वेळेत बघा. राहणं-जेवणासह वार्षिक शुल्क बहुतेक ठिकाणी ६५ ते ८० हजार डॉलरच्या दरम्यान जातं. अँडोव्हरने २००७ मध्ये नीड-ब्लाइंड धोरण स्वीकारलं, म्हणजे मदत मागितल्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होत नाही. पण बहुतेक शाळांत मदतीची रक्कम मर्यादित असते आणि परिणाम होतो. तरीही गरज असेल तर पहिल्याच वर्षी मागा. आधी प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी मागू, ही युक्ती अनेक ठिकाणी नियमानेच बंद असते. मदतीचा अर्ज वेगळ्या यंत्रणेतून जातो, अनेक शाळांत कुटुंबाची आर्थिक गरज मोजणाऱ्या एसएसएस या सेवेमार्फत, आणि त्याची मुदत मुख्य अर्जाच्या आसपासच असते. करविषयक कागद डिसेंबरमध्येच गोळा करा.

तारखा अशा धरून चाला. उन्हाळ्यात सहा ते आठ शाळा ठरवा. त्यांत सगळ्याच सर्वांत निवडक नकोत. किमान दोन अशा असाव्यात जिथे मुलगी आनंदाने जाईल आणि प्रवेशाची शक्यता बरी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिली परीक्षा, गरज पडली तर डिसेंबरात दुसरी. बहुतेक शाळांची मुदत १५ जानेवारी, काहींची १ फेब्रुवारी. एसएओ आणि गेटवे टू प्रेप स्कूल्स या ऑनलाइन अर्जाच्या दोन यंत्रणांपैकी कोणती शाळा कोणती वापरते हे सप्टेंबरमध्येच लिहून ठेवा, कारण शिक्षकांना एकाच फॉर्मऐवजी दोन वेगळे फॉर्म भरावे लागू शकतात. जानेवारीत पहिल्या सत्राचे गुण शाळेकडून वेगळे जावे लागतात. फाइल अपुरी राहण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच, आणि ते दर आठवड्याला पोर्टल पाहिल्याशिवाय कळत नाही. आठवीचे गुण डिसेंबरात घसरले तर कारण असेल ते कौन्सेलरच्या पत्रात एका वाक्यात यावं, मुलीच्या निबंधात नको. शिस्तीची एखादी कारवाई झालेली असेल तर ती सांगा. शाळेकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळलेलं केव्हाही बरं.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी यात थोडी भर: परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा आणि मदत दोन्ही कमी असतात. शिकण्याचं माध्यम इंग्रजी नसेल तर टोफेल किंवा ड्युओलिंगोसारखी परीक्षा लागते, आणि माध्यम इंग्रजी असलं तरी काही शाळा मागतात. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर व्हिडिओवर मुलाखत होते, काही शाळा इनिशियलव्ह्यूसारख्या बाहेरच्या सेवेचं ध्वनिचित्रमुद्रणही पाहतात. गुणपत्रिकेसोबत शाळेने आपली गुणपद्धत समजावणारं एक पान जोडावं, कारण तिथे ९० टक्के म्हणजे काय हे वाचणाऱ्याला आपोआप कळत नाही. प्रवेश झाल्यावर शाळा आय-२० हे व्हिसासाठीचं प्रमाणपत्र देते, त्यावर विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा होतो. व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखा उन्हाळ्यात तुंबतात, म्हणून पासपोर्ट आधीच तयार ठेवा.

निर्णय १० मार्चला येतात, उत्तर १० एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. मधल्या काळात शाळा प्रवेश मिळालेल्यांना पुन्हा बोलावतात. त्या दिवशी मुलीला एकटीने फिरू द्या. प्रतीक्षा यादीत नाव आलं आणि ती शाळा खरंच पहिली पसंती असेल, तर मुलीने स्वतः एक छोटं पत्र लिहावं: जानेवारीनंतर काय नवीन झालं, आणि जागा मिळाली तर ती नक्की येईल. दुसरं वाक्य एकाच शाळेला लिहायचं. पालकांचे फोन, नव्या शिफारशी, भेटवस्तू यांनी जागा निघत नाही. १० एप्रिलच्या आत दुसरीकडे होकार कळवून ठेवा, कारण यादी हलते ती त्यानंतरच, आणि काही वर्षी अजिबात हलत नाही.